व्हीएमसीची सर्वो मोटर तापतेय? मोटर उतरवण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की वाळूज-चिकलठाण्यापासून जालना, लातूरपर्यंतच्या शेडांमध्ये एकच तक्रार ऐकू येते. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) मधेच थांबते आणि स्क्रीनवर सर्वो मोटर, म्हणजे टेबल आणि हेड सरकवणारी मोटर, ओव्हरहीट झाल्याचा अलार्म येतो. मशीन अर्धा तास बंद ठेवली की पुन्हा चालते, थोड्या वेळाने पुन्हा थांबते. मग कोणीतरी मोटरसमोर पेडेस्टल फॅन आणून ठेवतं. अलार्म थांबतो आणि "ऊनच तेवढं आहे" म्हणून सगळे कामाला लागतात.

मेंटेनन्समध्ये नव्याने आलेल्या आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांना माझं पहिलं सांगणं असतं की उन्हावर एवढ्या लवकर बोट ठेवू नका. हिशोब करून पाहा. सर्वो मोटरचं रेटिंग साधारणपणे भोवतालचं तापमान ४० अंश धरून दिलेलं असतं. एफ क्लास इन्सुलेशनची मर्यादा १५५ अंशांची. म्हणजे वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला) तापायला शंभरेक अंशांची मोकळीक असते. शेडमध्ये ४० ऐवजी ४५ झालं तर त्यातले पाच अंश गेले. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे करंटच्या भाषेत ही घट जेमतेम अडीच टक्क्यांची आहे. एवढ्याशा फरकाने जी मोटर अलार्मला जाते ती मार्चमध्येही काठावरच चालत होती. ऊन निमित्त झालं. जास्तीचा करंट आधीपासून जात होता. तो कुठे आणि कशामुळे जातोय हे शोधणं, हेच आपलं काम.

इथली उदाहरणं फॅनक कंट्रोलची (मशीन चालवणाऱ्या संगणकाची) आहेत, कारण आपल्या भागात तो बऱ्याच मशीनवर भेटतो. सीमेन्स किंवा मित्सुबिशी असेल तर नंबर आणि स्क्रीन बदलतील, तपासणीचा क्रम तोच राहील.

आधी अलार्म नीट वाचा

"ओव्हरहीट आला" एवढं ऐकून कामाला लागू नका. नंबर आणि अक्ष (एक्स, वाय की झेड) लिहून घ्या. फॅनकच्या ०आय-डी आणि त्याच्या जवळच्या कंट्रोलवर एसव्ही ०४३० म्हणजे मोटरमधल्या सेन्सरनेच तापमान जास्त असल्याचं कळवलंय. एसव्ही ०४३६ हा सॉफ्ट थर्मल. त्यात सेन्सरचा संबंध नाही. किती करंट किती वेळ गेला यावरून ड्राइव्हच्या (मोटरला करंट पुरवणाऱ्या युनिटच्या) सॉफ्टवेअरने केलेला तो अंदाज आहे. म्हणून ४३६ आला तेव्हा मोटर हाताला गार लागू शकते. ती गार आहे म्हणून अलार्म खोटा ठरत नाही. अक्ष कुठेतरी जाम होतोय, ब्रेक अडकलाय किंवा टूल जॉबमध्ये रुतलंय, असं काहीतरी कमी वेळात घडलेलं असतं. मित्सुबिशीवर ४६ म्हणजे मोटर ओव्हरहीट आणि ५० म्हणजे ओव्हरलोड, असाच तो फरक. पॅनेलमधल्या ड्राइव्हचा हीटसिंक तापणं किंवा त्याचा पंखा बंद पडणं याचे अलार्म वेगळे येतात. तो रस्ता पॅनेलच्या एसीकडे आणि फिल्टरकडे जातो, मोटरकडे नाही.

सोबत चार गोष्टी ऑपरेटरकडून काढून घ्या: कोणता प्रोग्राम चालू होता, सुरू होऊन किती वेळ झाला होता, जॉब किंवा टूल नुकतं बदललं का, आणि हे आधी कधी घडलं होतं. ऑपरेटर त्या मशीनसमोर रोज एक अख्खी शिफ्ट उभा असतो. "भाऊ, आवाज कधीपासून बदलला?" असं नीट विचारलंत तर अर्धं निदान तिथेच होतं.

हाताने नाही, मोजून

चालत्या मशीनची सर्वो मोटर बाहेरून ६०-७० अंशांपर्यंत तापली तरी त्यात बिघाड असेलच असं नाही. तेवढ्याला हात टिकत नाही, चटका बसतो. नव्या माणसाला वाटतं, मोटर जळायला आली. म्हणून हात लावून निर्णय घेऊ नका.

फॅनकवर डायग्नोसिसच्या पानावर ३०८ नंबर उघडा. तिथे प्रत्येक अक्षाच्या वाइंडिंगचं तापमान अंशांत दिसतं. ३०९ वर मोटरच्या मागे बसून तिची फिरकी मोजणाऱ्या पल्सकोडरचं तापमान दिसतं. ३०८ चा आकडा १४० ला पोचला किंवा ३०९ चा १०० ला, की अलार्म येतो. सकाळी मशीन सुरू करताना एकदा आणि मग दर अर्ध्या तासाला तिन्ही अक्षांचे आकडे वहीत लिहा. आकडा हळूहळू चढत असेल तर मोटर खरंच तापतेय. पन्नासवरचा आकडा क्षणात दीडशेवर उडी मारत असेल तर ते तापमान नव्हे. तांबं आणि लोखंड एका सेकंदात शंभर अंश तापत नाही. तिथे फीडबॅक केबल, तिचा कनेक्टर किंवा पल्सकोडर तपासायचा. वायच्या मोटरच्या कनेक्टरमध्ये कूलंट शिरलं की असे आकडे नाचतात.

इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर मोटरच्या काळ्या रंगाच्या भागावर धरा. चकचकीत ॲल्युमिनियम किंवा स्टीलवर ती खूप कमी आकडा दाखवते. तसाच पृष्ठभाग असेल तर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा घट्ट चिकटवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.

करंटची वही

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. पॅरामीटर ३१११ चा शून्य क्रमांकाचा बिट १ केला की सिस्टिमच्या पानांमध्ये सर्वो सेटिंग आणि सर्वो ट्यूनिंगची पानं दिसायला लागतात. ट्यूनिंगच्या पानावर करंट टक्क्यांतही दिसतो आणि अँपिअरमध्येही.

टूल काढून ठेवा, टेबलावरचं फिक्स्चर आहे तसं राहू द्या. मिनिटाला १००० मिलिमीटर फीडने एक अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. इतक्या कमी वेगात मोटरचं बहुतेक बळ घर्षणावरच खर्च होतं, म्हणून आकडा थेट स्लाइडची आणि तिला सरकवणाऱ्या बॉलस्क्रूची तब्येत सांगतो. प्रवासाचे तीन भाग धरा: अलीकडचं टोक, मधला भाग, पलीकडचं टोक. जाताना आणि येताना मिळून सहा आकडे लिहा. नंतर अक्ष थांबवून, सर्वो चालू ठेवून, थांबलेल्या अक्षाचा करंट लिहा.

आता वाचायला शिका. सगळीकडे सारखाच पण जास्त असेल तर ऑइल नाही, जिब (स्लाइडमधली फट जुळवणारी पट्टी) घट्ट आहे किंवा बॉलस्क्रूच्या बेअरिंगचा प्रीलोड (मुद्दाम दिलेला दाब) वाढलाय. मध्ये कमी आणि टोकांना जास्त असेल तर बॉलस्क्रू मधल्या भागात झिजलाय आणि कोणीतरी मधला बॅकलॅश (ढिलाई) बघून नट किंवा जिब आवळलीय. न झिजलेल्या टोकांना ती आवळण आता दाबते. एकाच टोकाला जास्त असेल तर बेअरिंग हाउसिंग आणि स्क्रूची सरळ रेषा बिघडलीय. ठरावीक एका जागीच आकडा उडत असेल तर टेलिस्कोपिक कव्हरचं पान तिथे अडकतंय किंवा चिप घुसलीय. एका दिशेला कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त, हे झेडवर स्वाभाविक आहे, एक्स आणि वायवर नाही.

किती टक्के चांगले, असं मुलं लगेच विचारतात. गोळ्या-रोलरवर सरकणाऱ्या लिनियर गाइडच्या मशीनवर आकडा कमी असतो, पृष्ठभागावर पृष्ठभाग घासत सरकणाऱ्या बॉक्स-वेच्या मशीनवर बराच जास्त. म्हणून दुसऱ्याच्या मशीनचा आकडा घेऊ नका. तुमची मशीन ठणठणीत असतानाचे आकडे हाच तुमचा मापदंड, आणि ते बिघाड होण्याआधीच लिहून ठेवायचे असतात.

वाळूजच्या एका छोट्या शेडमध्ये वाय अक्षाचा असाच ओव्हरहीट येत होता. मे महिन्यात फॅन लावला, अलार्म गेला. जुलैत पाऊस पडून हवा गार झाली तरी अलार्म परत आला, तेव्हा मला बोलावलं. कमी फीडला वायचा करंट एक्सच्या दुपटीहून जास्त होता, आणि तो जाता-येता सगळीकडे सारखा होता. मागचं कव्हर काढलं. कास्टिंगची बारीक भुकटी आणि कूलंटचा साका मिळून पिवळट-पांढरी खरपुडी तयार झाली होती, नखाने खरवडली तरी निघत नव्हती. वायपरचं रबर कडक होऊन त्याची धार तुटली होती. उजव्या गाइडवरून बोट फिरवलं तर ऑइलचा तवंग लागला, डावीकडून फिरवलं तर बोट कोरडं आणि राखाडी. ल्युब पंपाचा प्रेशर गेज मात्र व्यवस्थित दाब दाखवत होता.

ऑइल आणि कव्हर

गेजवर दाब आहे म्हणजे प्रत्येक स्लाइडला ऑइल पोचतंय, हा समज खूप मोटरी खातो. डिस्ट्रिब्युटर ब्लॉकमधली एखाद्या लाइनला मोजून ऑइल सोडणारी मीटरिंग कार्ट्रिज तुंबली तरी बाकीच्या लाइन चालू असतात आणि दाब तयार होतोच. तपासायचा खात्रीचा मार्ग एकच. लाइनचं शेवटचं टोक सोडा, पंपाचं मॅन्युअल बटण दाबा आणि थेंब येतो का ते डोळ्यांनी पाहा. प्रत्येक लाइनचं असं करा. कार्ट्रिज धुऊन परत लावू नका, नवीन बसवा, आणि बसवताना तिच्यावरचा नंबर जुळवा. पुढेमागे बसवलेल्या कार्ट्रिजमुळे एका स्लाइडला पूर आणि दुसरीला उपास घडतो. ऑइल मशीनच्या पाटीवर लिहिलेल्याच ग्रेडचं, बहुतेक व्हीएमसीवर ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल. टाकीत हायड्रॉलिकचं उरलेलं ऑइल ओतलेलं मी पाहिलंय. ते स्लाइडवर धरून राहत नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पाणी. उन्हाळ्यात टँकरचं किंवा खोल बोअरचं पाणी कूलंटच्या टाकीत जातं. ते जड असतं, क्षारांचं. कूलंटमधलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वरून पुन्हा तसलंच पाणी टाकलं की क्षार साठतच जातात, इमल्शन फुटतं आणि कव्हरखाली ती खरपुडी धरते. रिफ्रॅक्टोमीटरने रोज तीव्रता बघा आणि टाकी भरायला जमेल तितकं आरओचं किंवा मऊ केलेलं पाणी वापरा. याचा मोटरच्या तापमानाशी काय संबंध, असं वाटेल. वायचं कव्हर एकदा काढून पाहा, मग वाटणार नाही.

सर्वो मोटर सगळीकडून बंद असते. बहुतेक मोटरींना स्वतःचा पंखा नसतो. उष्णता अंगावरून आणि पुढच्या फ्लँजमधून बाहेर पडते. तिच्यावर चिपचा ढीग, ऑइलचा राप किंवा कोणी टाकलेलं पोतं असेल तर ती घोंगडी पांघरून धावत असते. ते सगळं काढा, खराट्याने आणि कापडाने. एअरगनचा झोत कनेक्टरवर मारू नका.

झेड अक्ष वेगळा

झेडची मोटर कॉलमच्या माथ्यावर असते, पत्र्याच्या शेडमध्ये गरम हवा साठते नेमकी तिथे. शिवाय काउंटरवेट नसेल तर स्पिंडल हेडचं वजन मोटर सतत धरून असते. अक्ष थांबलेला असतानाही करंट दिसतो. म्हणून झेडची तुलना एक्सशी करू नका. काउंटरवेट असेल तर त्याची साखळी आणि पुली बघा.

झेडचा खरा संशयित म्हणजे ब्रेक. तो स्प्रिंगने लागतो आणि २४ व्होल्ट डीसी मिळाल्यावर सुटतो. रिलेचा कॉन्टॅक्ट जळका असेल किंवा वायर सैल असेल तर मोटरपाशी २०-२१ व्होल्टच पोचतात, ब्रेक अर्धवट सुटतो आणि मोटर ब्रेक घासत चालते. व्होल्टेज पॅनेलमध्ये नव्हे, मोटरच्या कनेक्टरपाशी आणि ब्रेक जोडलेला असताना मोजा. सर्वो चालू होताना "टक्" असा स्पष्ट आवाज यायला हवा. मोटरची मागची बाजू पुढच्या मानाने गरम, जळका वास, आणि दोन्ही दिशांना वाढलेला करंट, ही ब्रेक घासल्याची लक्षणं.

मोटर स्क्रूपासून सोडवून बघणं

दोष मशीनमध्ये की मोटरमध्ये, हे ठरवायला यापेक्षा पक्का उपाय नाही. पण इथेच अपघात होतात, म्हणून क्रम मोडू नका.

झेड असेल तर आधी टेबलावर जाड लाकडी ठोकळा ठेवा आणि स्पिंडल हेड त्यावर टेकवा. ब्रेकवर भरवसा ठेवू नका. कपलिंग सोडलं की ब्रेकचा आणि हेडचा काही संबंध राहत नाही, हेड सरळ खाली येतं. मग मेन आयसोलेटर बंद करून कुलूप आणि टॅग लावा. ड्राइव्हवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा. मेन बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब काही मिनिटं टिकतो. कपलिंग, शाफ्ट आणि फ्लँजवर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. ही रेघ विसरलात आणि मोटर थोडी जरी फिरली तरी रेफरन्स (अक्षाचा शून्य बिंदू) सरकतो. झेडवर तो सरकला तर पुढच्या टूल चेंजला एटीसीचा (आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेचा) आर्म ठोकला जातो. म्हणून परत जोडल्यावर रेफरन्स आणि टूल चेंजची उंची तपासल्याशिवाय एटीसी चालवायची नाही.

आता स्क्रू हाताने फिरवा. सगळ्या प्रवासात सारखा आणि गुळगुळीत फिरला पाहिजे. खरखर लागली, जागोजागी घट्ट झाला, तर दोष यांत्रिक. झेडचा स्क्रू मात्र हेडखालचा ठोकळा न काढता जागच्या जागीच जाणवून बघा. मोटर एकटी चालवताना ती आधी पक्की बांधा, नाहीतर सुरू होताच उडी मारेल. मोकळी मोटर अगदी कमी करंटवर चालली आणि तासाभरात फारशी तापली नाही, तर तिला दोष देऊ नका.

दोन अक्षांची अदलाबदल करून बघायची असेल तर मोटरचं मॉडेल तंतोतंत एकच हवं, आणि पॉवर केबल व फीडबॅक केबल दोन्ही एकत्र बदलल्या पाहिजेत. एकच बदलली तर अक्ष ताबा सोडून पळतो.

वाइंडिंगची तपासणी

मोकळी मोटरही जास्त करंट घेत असेल तर विजेकडे वळा. पॉवर केबल ड्राइव्हपासून पूर्ण सोडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेज बॉडीशी तपासा. मेगर ड्राइव्हला किंवा पल्सकोडरच्या पिनांना चुकूनही लावू नका, क्षणात जातील. १०० मेगोहमच्या वर असेल तर उत्तम. १० ते १०० म्हणजे इन्सुलेशन उतरायला लागलंय, दर महिन्याला बघत राहा. १ ते १० म्हणजे चांगलंच खराब, दुसरी मोटर शोधायला घ्या. १ च्या खाली गेलं तर ती मोटर लावू नका. आकडा कमी आला तर केबल वेगळी करून मोटर आणि केबल दोन्ही स्वतंत्र तपासा. कितीदा तरी मोटर निर्दोष निघते आणि कनेक्टरमध्ये कूलंट सापडतं.

तीन फेजमधला आपसातला रेझिस्टन्स सारखा यायला हवा. तो बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे साध्या मल्टिमीटरच्या लीडचाच रेझिस्टन्स फसवतो. मिलिओहम मीटर मागून आणा.

मोटर गुणगुणत असेल तर

अक्ष थांबलेला असताना बारीक घूं-घूं येते आणि करंट सतत वर-खाली होतो? मग मोटर जागच्या जागी थरथरतेय आणि त्यातच तापतेय. ट्यूनिंगच्या पानावरचा व्हेलॉसिटी गेन (वेगातला फरक मोटर किती जोराने सुधारते तो आकडा) आधी वहीत लिहा, पॅरामीटरचा बॅकअप घ्या, आणि गेन वीस-तीस टक्क्यांनी उतरवून बघा. थरथर थांबली तर दिशा कळली. पण तिथेच थांबू नका. पूर्वी शांत असलेला अक्ष त्याच गेनवर आता गुणगुणतो, याचा अर्थ कपलिंग, बेअरिंग किंवा नट सैल झालाय. तो दुरुस्त करा आणि गेन परत मूळ आकड्यावर आणा.

कधी कधी प्रोग्रामच कारण असतो

मशीन निरोगी, मोटर निरोगी, आणि एकाच जॉबवर तापते. दाट ड्रिलिंगचा किंवा छोट्या-छोट्या उड्यांचा प्रोग्राम असेल तर प्रत्येक सुरुवात आणि थांबा मोटरकडून मोठा करंट ओढतो. इथे साधी सरासरी फसवते. समजा दहा सेकंदांच्या सायकलमध्ये २ सेकंद १५० टक्के, ५ सेकंद ६० टक्के आणि ३ सेकंद २० टक्के करंट जातो. साधी सरासरी येते ६६ टक्के. पण उष्णता वर्गाने वाढते, म्हणून आकड्यांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढा आणि मग वर्गमूळ घ्या. उत्तर येतं सुमारे ८० टक्के. मोटर या ८० ला तापते. रॅपिड ओव्हरराइड (कापत नसतानाच्या धावेचा वेग) कमी ठेवून तासभर चालवा आणि ३०८ चा आकडा बघा. तो उतरला तर प्रोग्रामरशी बसून भोकांचा क्रम बदला, उड्या कमी करा. बोथट टूलने ढकलत कापणं हाही यातलाच प्रकार, आणि तो सगळ्यात स्वस्तात सुटतो.

हे करू नका

तापलेल्या मोटरवर ओलं फडकं किंवा पाणी टाकू नका. बॉडी एकदम गार झाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून, कनेक्टरमधून कूलंट आत ओढलं जातं. अलार्मची मर्यादा वाढवायला किंवा तो दाबून टाकायला पॅरामीटर बदलू नका. जास्त तापलेल्या रोटरची चुंबकं कायमची कमजोर होतात, आणि मग तेवढ्याच बळासाठी मोटर आणखी करंट घेते. फॅन लावायला हरकत नाही, पण कारण सापडून दुरुस्त झाल्यावर, आणि चिप उडवून कव्हरमध्ये घालणार नाही अशा बाजूने.

दुरुस्ती झाली की मशीन रिकामी तासभर चालवा, तेच सहा आकडे पुन्हा घ्या आणि ३०८ चे आकडे शिफ्ट संपेपर्यंत लिहा. वहीच्या त्या पानावर तारीख, शेडचं तापमान आणि काय बदललं ते लिहून वही मशीनच्या पॅनेलमध्येच ठेवा. पुढच्या शिफ्टच्या माणसाला ती शोधत फिरायला लागू नये.